पत्त्यांतून पाठविलेली यादी

इंटरनेटवरील एखादें पान उघडतांना ब्राउझरच्या माथ्यावर जो लांबलचक पत्ता उमटतो, त्याकडे आपल्यापैकीं फारच थोड्यांचें लक्ष जातें. टपालाच्या पाकिटावरील पत्त्याचें काम पत्र योग्य घरीं पोंचविलें म्हणजे संपतें. परंतु ह्या पत्त्याचें तसें नाहीं. तो घर तर सांगतोच, पण त्या घरीं जाऊन काय विचारावयाचें हेंही पुष्कळदां त्याच्याच अंगावर लिहिलेलें असतें. एकच गोष्ट विचारावयाची असेल तर हें काम सोपें आहे. परंतु एकाच प्रश्नांत तीन विषय, पांच शहरें किंवा बारा हजेरी-क्रमांक घालावयाचे झाले, म्हणजे यादी पाठवावयाची झाली, कीं एक अडचण उभी राहते. ती अशी कीं, यादींतील कांहीं नांवें वाटेंत गळालीं तरी पाठविणारास वा घेणारास त्याची चाहूल लागत नाहीं. ह्या अडचणीचें स्वरूप, तिचीं कारणें व तिच्यावरील उपाय ह्यांचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं ह्या लेखांत योजिलें आहे. संगणकाचा विषय घेतलेल्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल. इतरांनींही तो वाचावा, कारण अशा पत्त्यांवर आतां सर्वांचेंच रोजचें काम अवलंबून आहे.

प्रथम पत्त्याचे अवयव पाहूं. टिम बर्नर्स-ली ह्यांनीं जिनिव्हाजवळील सर्न ह्या प्रयोगशाळेंत असतां १९८९ सालीं वेबची कल्पना मांडली. वेबच्या पत्त्याचे, म्हणजे यूआरएलचे, नियम डिसेंबर १९९४ मध्यें आरएफसी १७३८ ह्या लेखानें प्रसिद्ध झाले; आणि जानेवारी २००५ मध्यें आरएफसी ३९८६ ह्या लेखानें त्यांस अधिक व्यापक रूप आलें. ह्या नियमांप्रमाणें पत्त्यांत संपर्काची पद्धति, यजमान संगणकाचें नांव आणि त्या संगणकावरील वाट हे घटक क्रमानें येतात. त्यानंतर प्रश्नचिन्ह आलें तर त्याच्या पुढें प्रश्नभाग सुरू होतो, आणि तो पत्ता संपेपर्यंत किंवा # हें चिन्ह येईपर्यंत चालतो. समजा, एखाद्या ग्रंथालयाच्या सूचींत इतिहासावरील मराठी पुस्तकें शोधावयाचीं आहेत. तर पत्त्याचा शेवट असा दिसेल :

/शोध?विषय=इतिहास&भाषा=मराठी

येथें ‘विषय’ व ‘भाषा’ हीं पॅरामीटरांचीं नांवें होत. बरोबरीच्या चिन्हापुढें प्रत्येकाचें मूल्य आहे; आणि दोन जोड्यांच्या मध्यें & हें चिन्ह, ज्यास अँपरसँड म्हणतात, तें आहे.

आतां एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. नांव, बरोबरी व मूल्य अशी ही जी मांडणी आपण पाहिली, ती पत्त्याच्या मूळ नियमांनीं लादलेली नाहीं. प्रश्नभागांत अशा जोड्या पुष्कळदां येतात एवढाच उल्लेख २००५ च्या नियमांत आहे. ही चाल आली ती एचटीएमएलमधील फॉर्मांवरून. नोव्हेंबर १९९५ मध्यें आरएफसी १८६६ ह्या लेखानें एचटीएमएलची दुसरी आवृत्ति निश्चित करण्यांत आली. फॉर्म भरून कळ दाबली म्हणजे प्रत्येक रकान्याचें नांव व मूल्य बरोबरीच्या चिन्हानें जोडावें, आणि अशा जोड्या & ह्या चिन्हानें ओवाव्या, असें तींत सांगितलें आहे. एकाच प्रश्नाच्या तीन पर्यायांवर खूण केली तर ब्राउझर तेंच नांव तीनदां लिहितो. परंतु तेंच नांव तीनदां आलें असतां घेणारानें काय समजावें? ही एक यादी आहे असें, कीं मागून आलेलें उत्तर पहिल्याची दुरुस्ती आहे असें? पत्त्याच्या नियमांनीं ह्याविषयीं कांहींच सांगितलें नाहीं. ह्या मौनांतूनच पुढील सर्व गोंधळ जन्मास आला.

पुढें जाण्यापूर्वीं आणखी एक नियम समजून घेणें अवश्य आहे. & व = ह्यांसारख्या चिन्हांस पत्त्यांत ठराविक काम असल्यामुळें, तींच चिन्हें मूल्याच्या पोटांत आलीं तर त्यांस वेष बदलून पाठवावें लागतें. हा वेष म्हणजे टक्क्याचें चिन्ह आणि त्यापुढें सोळांच्या पायावरील दोन अंक. & चा वेष %२६ असा, रिकाम्या जागेचा %२० असा, आणि स्वल्पविरामाचा %२सी असा होतो. देवनागरी अक्षरांस तर नेहमींच वेष घ्यावा लागतो. यूटीएफ-८ ह्या पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचें असतें, व प्रत्येक बाइट तीन अक्षरांनीं लिहिला जातो. म्हणून एकट्या ‘प’ ह्या अक्षराचें %ई०%ए४%एए असें नऊ अक्षरांचें रूप होतें. (प्रत्यक्षांत ह्यांतील अंक व अक्षरें इंग्रजी असतात, येथें तीं देवनागरींत लिहिलीं आहेत.) वाचण्याच्या सोयीसाठीं पुढील उदाहरणें आम्हीं वेष न घालतां मूळ रूपांत दिलीं आहेत.

यादी पाठविण्याच्या चार रीती आज प्रचारांत आहेत. पहिली रीति नांव पुन्हां पुन्हां लिहिण्याची. ही फॉर्मापासून चालत आलेली सर्वांत जुनी रीति होय :

/शोध?विषय=इतिहास&विषय=भूगोल&विषय=गणित

दुसरी रीति नांवापुढें रिकामा चौकोनी कंस जोडण्याची. कंस पाहून घेणारानें ‘ही यादी आहे’ असें ओळखावें, हा तिचा हेतु :

/शोध?विषय[]=इतिहास&विषय[]=भूगोल&विषय[]=गणित

तिसरी रीति त्याच कंसांत अनुक्रम घालण्याची. तिच्यांत प्रत्येक मूल्याची जागाही सांगितली जाते :

/शोध?विषय[०]=इतिहास&विषय[१]=भूगोल&विषय[२]=गणित

चौथी रीति नांव एकदांच लिहून मूल्यांच्या मध्यें एखादें विभाजक चिन्ह घालण्याची. हें चिन्ह बहुधा स्वल्पविराम असतें. कोठें उभी रेघ असते :

/शोध?विषय=इतिहास,भूगोल,गणित

ह्या चारांपैकीं खरी कोणती, असा प्रश्न विद्यार्थी हटकून विचारतात. त्याचें उत्तर असें कीं, घेणारास जी कळते ती खरी. हें टाळाटाळीचें उत्तर नव्हे. पलीकडच्या बाजूस काय घडतें हें पाहिलें म्हणजे त्याचा अर्थ पटेल.

पत्ता सर्व्हरकडे पोंचल्यावर प्रश्नभागाचीं शकलें करून त्यांतील मूल्यें प्रोग्रामाच्या हातीं देण्याचें काम तेथील भाषा किंवा तिच्यावर उभारलेली चौकट करिते. समजा, आपण पहिल्या रीतीनें तीन विषय पाठविले, आणि पलीकडील प्रोग्राम लिहिणारानें ‘विषय काय आहे?’ एवढेंच साध्या रीतीनें विचारलें. जावा सर्व्लेटमधील गेटपॅरामीटर ही आज्ञा ‘इतिहास’ असें उत्तर देते, कारण ती पहिलें मूल्य उचलते. पायथन भाषेंतील फ्लास्क ह्या चौकटीची गेट ही आज्ञाही पहिलेंच मूल्य देते. त्याच पायथनमधील जँगो ही दुसरी चौकट मात्र ‘गणित’ असें सांगते. ती शेवटचें मूल्य देते. पीएचपीही ‘गणित’ असेंच सांगते, कारण तिच्या हिशेबीं मागून आलेल्या मूल्यानें आधींचें पुसून टाकिलें. मायक्रोसॉफ्टची जुनी एएसपी तिन्ही मूल्यें देते खरीं, परंतु स्वल्पविरामांनीं एकत्र ओवून, जणूं तो एकच शब्द आहे अशा रूपांत. प्रश्न एकच, आणि उत्तरें तीन प्रकारचीं !

संपूर्ण यादी मिळविण्याची सोय बहुतेकांत आहे. पण ती निराळी मागावी लागते. जावामध्यें गेटपॅरामीटरव्हॅल्यूज, जँगो व फ्लास्कमध्यें गेटलिस्ट अशा आज्ञा आहेत. पीएचपीच्या नेहमींच्या संग्रहांत यादी हवी असेल तर पाठविणारानेंच नांवापुढें कंस घातला पाहिजे. म्हणजे दुसरी रीति पीएचपीसाठीं आवश्यक ठरते. पण तोच कंस जावाकडे किंवा जँगोकडे गेला तर त्यांस तो नांवाचाच भाग वाटतो. त्यांच्या दृष्टीनें ‘विषय’ हा पॅरामीटर आलाच नाहीं, ‘विषय[]’ नांवाचा दुसराच कोणी आला. शिवाय २००५ च्या नियमांप्रमाणें चौकोनी कंस उघड्या रूपांत वापरण्याची मुभा फक्त यजमानाच्या अंकी पत्त्यास आहे. प्रश्नभागांत त्यानें %५बी व %५डी असा वेष घ्यावयास हवा.

पाठविणाऱ्या साधनांतही असेच भेद आहेत. जेक्वेरी ह्या पुष्कळ प्रचारांत आलेल्या ग्रंथालयाची १.४ ही आवृत्ति जानेवारी २०१० मध्यें निघाली. तेव्हांपासून ती यादी पाठवितांना नांवापुढें आपण होऊन कंस जोडूं लागली, आणि ज्यास जुनी रीति हवी त्यास ‘ट्रॅडिशनल’ अशी सूचना द्यावी लागूं लागली. पायथनच्या अर्लएनकोड ह्या आज्ञेस यादी दिली आणि ‘डूसीक’ ही सूचना दिली नाहीं, तर ती सबंध यादीस, तिच्या कंसांसह व अवतरणचिन्हांसह, एकच मूल्य समजून पाठविते. ह्या सर्व साधनांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. प्रत्येकानें आपल्यापुरता एक समंजस नियम केला आहे. पण दोन समंजस माणसांनीं एकमेकांस न विचारतां केलेले नियम जुळतीलच असें नाहीं.

हा केवळ प्रोग्राम लिहिणारांचा वाद आहे असें मात्र कोणी समजूं नये. समजा, एका वसतिगृहाच्या प्रवेशासाठीं निवडलेल्या बारा विद्यार्थिनींच्या क्रमांकांवर शिक्षिकेनें पडद्यावर खुणा केल्या, आणि फलकावर लावण्याची यादी मागविण्याची कळ दाबली. बारा क्रमांक पत्त्यांत बरोबर लिहिले गेले. सर्व्हरवरील प्रोग्रामानें साध्या रीतीनें ‘क्रमांक काय?’ असें विचारलें, आणि त्यास शेवटचा एक मिळाला. त्यानें त्या एका मुलीचें नांव सुबक रीतीनें छापून दिलें. कोठें लाल अक्षरें उमटलीं नाहींत. सर्व्हरच्या नोंदवहींत काम यशस्वी झाल्याचा २०० हा अंक पडला. ज्या अकरा जणींचीं नांवें गळालीं त्यांच्यापैकीं एखादी दूरच्या खेड्यांतून केवळ ह्या फलकाच्या आशेनें आली असेल. तिला कोणीं नाकारलें नाहीं. परंतु नाकारल्याचेंच फळ तिच्या पदरीं पडलें. बंद पडलेलें यंत्र आपण दुरुस्त करितों. पण चालू राहून थोडेंसें खोटें सांगणाऱ्या यंत्रावर आपण विश्वास ठेवितों.

अशी चूक परीक्षेंत कां सांपडत नाहीं, ह्याचें कारण मोठें बोधप्रद आहे. प्रोग्राम लिहून झाल्यावर त्याची परीक्षा बहुधा एका मूल्यावर घेण्यांत येते. एकच विषय पाठवून पाहावा, पुस्तकें दिसलीं कीं काम झालें असें समजावें ! परंतु मूल्य एकच असतां पहिलें व शेवटचें हीं एकच असतात; ओवण्यासारखें कांहीं नसल्यामुळें स्वल्पविरामही येत नाहीं. म्हणून पहिल्या रीतीनें एकच मूल्य पाठविलें असतां जावा, जँगो, पीएचपी व एएसपी ह्या साऱ्यांचें उत्तर जुळतें, आणि त्यांच्यांतील भेद दुसरें मूल्य येईपर्यंत झांकलेला राहतो. यादी घेणाऱ्या प्रोग्रामाची एका मूल्यावर घेतलेली परीक्षा ही अपुरी परीक्षा होय, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं कायमचें ध्यानांत ठेवावें.

चौथ्या रीतींत नांवाचा घोळ नाहीं, पण विभाजकाचा आहे. ग्रंथालयाच्या सूचींत लेखकांचीं नांवें आडनांव आधीं घालून लिहिण्याची चाल आहे. लक्ष्मीबाई टिळक व रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्या दोन लेखकांचीं पुस्तकें हवीं असतील, तर स्वल्पविरामाच्या रीतीनें असा प्रश्न होईल :

/शोध?लेखक=टिळक, लक्ष्मीबाई,टिळक, नारायण वामन

घेणारानें स्वल्पविरामावर तोडलें कीं दोन लेखकांचे चार तुकडे होतात, आणि त्यांपैकीं दोनांचें नांव नुसतें ‘टिळक’ राहतें. मग लोकमान्यांचें गीतारहस्यही ह्या यादींत येऊन बसलें तर नवल नाहीं. ह्यावर उपाय म्हणून मूल्याच्या पोटांतील स्वल्पविरामास वेष घालावा, आणि विभाजक स्वल्पविराम उघडा ठेवावा, असें कोणी सुचवील. उपाय योग्य आहे. परंतु घेणारानें आधीं तुकडे करून मग प्रत्येक तुकड्याचा वेष उतरविला तरच तो लागू पडतो. २००५ च्या नियमांतही, भाग आधीं वेगळे करावे व वेष मागाहून उतरवावा, असाच क्रम सांगितला आहे. पण बहुतेक चौकटी सबंध मूल्याचा वेष उतरवूनच तें प्रोग्रामाच्या हातीं देतात. तेव्हां दोन्ही स्वल्पविराम एकसारखे दिसूं लागतात, आणि कोणता पोटांतील व कोणता मधला हें ओळखण्याचा मार्ग उरत नाहीं.

ह्या बाबतींत विकिपीडियाच्या व्यवस्थेनें काढलेली तोड अभ्यास करण्याजोगी आहे. विकिपीडिया ज्या मीडियाविकी नांवाच्या प्रणालीवर चालतो, तिला पत्त्यांतून एकदम अनेक लेखांची माहिती विचारतां येते. लेखांचीं शीर्षकें एकाच पॅरामीटरांत उभ्या रेघेनें विभागून लिहावयाचीं असतात. २००३ सालीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासही हाच नियम लागू आहे :

शीर्षकें=पुणे|सातारा|नाशिक

उभी रेघच कां निवडली? कारण मीडियाविकीमध्यें लेखाच्या शीर्षकांत उभी रेघ असूंच शकत नाहीं. तसा नियमच आहे. जें चिन्ह मूल्यांत येणें शक्य नाहीं तेंच विभाजक केलें, म्हणजे संशयास जागा राहत नाहीं. आणि ज्या पॅरामीटरांच्या मूल्यांत उभी रेघ येऊं शकते, त्यांच्यासाठीं आस्की वर्णसंचांतील ३१ व्या क्रमांकाचें अदृश्य चिन्ह वापरावें, व मूल्याच्या आरंभींही तेंच लिहून तशी खूण द्यावी, अशी तरतूद आहे. ह्या चिन्हाचें नांवच ‘एकक-विभाजक’ असें आहे. शिवाय सामान्य मागणारानें एका वेळीं जास्तींत जास्त ५० शीर्षकें विचारावीं, ही मर्यादाही आधींच लिहून ठेविलेली आहे.

मर्यादेचा विषय निघालाच आहे, तर पत्त्याच्या लांबीचा हिशेबही करूं. वरील तीन शहरांच्या नांवांत अनुक्रमें चार, सहा व पांच चिन्हें आहेत. स्वर, काना, मात्रा व वेलांटी हीं निराळीं मोजावयाचीं. प्रत्येकाचीं नऊ अक्षरें धरलीं तर ३६, ५४ व ४५ होतात. दोन उभ्या रेघांचीं, वेषासह प्रत्येकी तीन धरून, आणखी ६. एकूण १४१. डोळ्यांस सतरा दिसणारीं चिन्हें प्रवासांत १४१ अक्षरांची जागा घेतात. पहिल्या रीतींत तर नांवही प्रत्येक वेळीं लिहावें लागतें. ‘क्रमांक’ ह्या नांवांत सात चिन्हें, म्हणजे ६३ अक्षरें आहेत. इंग्रजी अंकांत लिहिलेले तीन अंकी शंभर क्रमांक ह्या नांवानें पाठविले, तर बरोबरीचीं व जोडचिन्हें धरून ६७९९ अक्षरें लागतात. त्याच ठिकाणीं एकाक्षरी रोमन नांव घेतलें तर अवघ्या ५९९ अक्षरांत काम भागतें. जून २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९११० ह्या लेखांत, निदान ८००० बाइट लांबीचे पत्ते सर्वांनीं चालवून घ्यावे, अशी शिफारस आहे. त्याहून लांब पत्ता चालेलच अशी हमी नाहीं. सर्व्हर ४१४ हा अंक देऊन ‘पत्ता फार लांब आहे’ असें सांगूं शकतो. यादी मोठी असेल तर ती पत्त्यावर न लिहितां मागणीच्या पोटांत घालून पाठविणें हाच शहाणपणा होय.

संख्येच्या मर्यादेंतही दोन निराळे स्वभाव दिसून येतात. पीएचपीमध्यें एका मागणींत स्वीकारावयाच्या पॅरामीटरांची मर्यादा, बदलली नसल्यास, १००० असते. त्यावरील ती कापून टाकिते, आणि इशारा काय तो आपल्या नोंदींत लिहिते. जँगोचीही तशीच १००० ची मर्यादा आहे. पण ती ओलांडली तर जँगो सबंध मागणीच नाकारते. पहिलीचें वागणें वरवर पाहतां अधिक सोशीक वाटतें. पण विचार केला तर दुसरीचेंच वागणें अधिक प्रामाणिक आहे, कारण तें मागणारास त्याच क्षणीं सावध करितें.

यादींत एकही मूल्य नसेल तर काय, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो तसा नाहीं. पहिल्या तिन्ही रीतींत रिकामी यादी लिहिण्याची सर्वमान्य सोय नाहीं. मूल्य नाहीं म्हणून जोडी नाहीं, आणि जोडी नाहीं म्हणून नांवही नाहीं. तेव्हां ‘कोणताही विषय नको’ आणि ‘विषयाचा विचारच केला नाहीं’ हीं दोन्हीं विधानें एकाच रूपांत सर्व्हरकडे जातात. पुष्कळ ठिकाणीं पॅरामीटर नसला तर ‘सर्व द्यावें’ असा अर्थ घेण्यांत येतो. म्हणजे ज्यानें सर्व खुणा पुसल्या त्याच्यापुढें सर्व विद्यार्थ्यांचीं नांवें येऊन पडतात. नकाराचा अर्थ होकार व्हावा ह्याहून विपरीत तें काय? अशा जागीं ‘कांहीं नको’ हें सांगण्यासाठीं निराळा शब्द ठरविणें बरें.

ह्या मतभेदांचा दुष्ट हेतूनेंही उपयोग करितां येतो. २००९ सालीं लूका कारेत्तोनी व स्तेफानो दि पाओला ह्या दोन इटालियन तज्ज्ञांनीं ओवास्प ह्या संस्थेच्या युरोपांतील परिषदेंत ह्या धोक्याचें पद्धतशीर विवेचन केलें, व त्यास ‘पॅरामीटरांचें प्रदूषण’ अशा अर्थाचें नांव दिलें. त्याचें तत्त्व सोपें आहे. समजा, दारावरील पहारेकरी-प्रोग्राम एका पॅरामीटराचें पहिलेंच मूल्य तपासतो, आणि आंतील प्रोग्राम शेवटचें मूल्य वापरतो. तर लबाड माणूस तेंच नांव दोनदां लिहील. आधीं निरुपद्रवी मूल्य घालील व मागून घातक. पहारेकरी पहिलें पाहून दार उघडतो, आणि आंत दुसरेंच काम होऊन जातें. पहारेकऱ्यानें आपलें काम केलें, आंतील प्रोग्रामानेंही केलें. पण दोघांनीं एकाच वाक्याचे दोन अर्थ केले, आणि त्या फटींतून चोर शिरला.

आणखी एक सावधगिरी सांगणें आमचें कर्तव्य आहे. आजकाल बहुतेक ठिकाणीं संपर्क सुरक्षित पद्धतीनें होतो, त्यामुळें वाटेंतील परक्यास पत्त्याचा प्रश्नभाग वाचतां येत नाहीं. परंतु तोच पत्ता ब्राउझरच्या इतिहासांत व सर्व्हरच्या नोंदवहींत जसाच्या तसा राहूं शकतो, आणि कोणीं तो उचलून दुसऱ्यास पाठविला तर त्याबरोबर यादीही जाते. म्हणून रोग्यांचीं नांवें, मुलांचे गुण, फी न भरलेल्यांचे क्रमांक असल्या याद्या पत्त्यावर लिहूं नयेत. जें पोस्टकार्डावर लिहावयास आपण धजणार नाहीं, तें पत्त्यांतही घालूं नये.

आतां उपायांचा सारांश सांगूं. पहिला उपाय असा कीं, रीति कोणतीही घ्या, पण ती आधीं लिहून ठेवा. ओपनएपीआय ह्या नांवाची वर्णनपद्धति ह्याच कामासाठीं आहे. २०१७ सालीं निघालेल्या तिच्या ३.० ह्या आवृत्तींत, यादी नांव पुन्हां लिहून पाठवावयाची, कीं स्वल्पविरामानें, कीं उभ्या रेघेनें, हें प्रत्येक पॅरामीटरापुढें स्पष्ट लिहितां येतें; कांहींच न लिहिल्यास प्रश्नभागांतील यादीसाठीं नांव पुन्हां लिहिण्याची रीति समजावी असा तिचा संकेत आहे. दुसरा उपाय, पत्ता हातानें जुळवूं नये. वेष घालण्याचें काम त्यासाठींच केलेल्या साधनाकडे द्यावें, आणि तें साधन यादीचें काय करितें हें एकदां डोळ्यांनीं पाहावें. तिसरा, घेणाऱ्या प्रोग्रामांत यादी मागण्याचीच आज्ञा वापरावी. आणि जेथें एकच मूल्य अपेक्षित आहे तेथें दोन आलीं तर मुकाट्यानें एक निवडूं नये, मागणी नाकारावी. चौथा, परीक्षा घेतांना शून्य, एक, दोन व पुष्कळ अशा चारही याद्या पाठवून पाहाव्या, आणि त्यांपैकीं एका मूल्यांत स्वल्पविराम, एकांत & व एकांत मराठी शब्द घालावा. पांचवा उपाय सर्वांत साधा : उत्तरांत संख्या सांगावी. ‘आपण १२ क्रमांक विचारले, त्यांपैकीं १२ सांपडले’ एवढी एक ओळ पानाच्या माथ्यावर छापली असती, तर त्या वसतिगृहाच्या यादींतील चूक शिक्षिकेच्या हातून कागद फलकावर लागण्यापूर्वींच उघडकीस आली असती.

लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायांतील मेंढपाळाचा दाखला आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. शंभरांतील एक मेंढरूं हरवलें म्हणून तो रानांत शोधावयास निघाला, ह्या त्याच्या प्रेमाविषयीं आपण नेहमीं ऐकतों. परंतु एक हरवलें हें त्यास कळलें कसें? कळपांत नव्याण्णव मेंढरें असतां डोळ्यांस कळप भरलेलाच दिसतो. त्यानें मोजलीं, म्हणून त्यास कळलें. जे विद्यार्थी पुढें संगणकाचें काम पत्करतील, त्यांच्या हातून रोज अशा याद्या जातील, आणि प्रत्येक क्रमांकामागें कोणी तरी माणूस उभा असेल. त्यांनीं कोणत्याही रीतीनें यादी पाठवावी. परंतु पाठवितांना मोजावी, व पोंचल्यावर पुन्हां मोजावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.